रिचर्डसनचा चौक

अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या ग्रँट स्ट्रीटवरून अ‍ॅलेघेनी काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, न्यायालयात जाणाऱ्या माणसाला वाटते की आपण मुख्य दारातून आत चाललो आहोत, पण खरे तर तो तळघरात शिरत असतो. बाहेर अडीचशे फुटांच्या घरातला मनोरा, गुलाबी झाक असलेल्या ग्रॅनाइटचे खडबडीत चिरे, रुंद कमानी असा सगळा थाट. आत पाऊल टाकावे तर ठेंगणे छत, जाडजूड खांब आणि पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगणारे पहारेकरी. एवढी भव्य इमारत बांधणाऱ्याने प्रवेशापाशीच हात का आखडला असावा, असा प्रश्न पहिल्यांदा येणाऱ्याला पडतोच. हात त्याने आखडलेला नाही. त्याने योजलेला प्रवेश आपल्या डोक्यावर, एक मजला वर राहून गेला आहे, कारण इमारत पुरी झाल्यावर पंचवीस वर्षांनी शहराने तिच्या समोरचा रस्ताच खाली नेला.

इथे पूर्वी टेकडी होती. १७५८ सालच्या सप्टेंबरात जेम्स ग्रँट नावाचा ब्रिटिश मेजर आठशेच्या आसपास सैनिक घेऊन या टेकडीवर आला. समोर नद्यांच्या संगमावर फ्रेंचांचा फोर्ट ड्युकेन हा किल्ला होता. फ्रेंच आणि त्यांच्या बाजूने लढणारे मूलनिवासी यांनी ग्रँटचा सपशेल पराभव करून त्याला कैद केले. टेकडीला नाव मात्र त्याचेच पडले, आणि टेकडीचे नाव पुढे रस्त्याला लागले. शहर वाढू लागल्यावर घोडागाड्यांना आणि नंतर मोटारींना हा चढ अडचणीचा वाटू लागला. लोक त्याला ‘हंप’, म्हणजे कुबड म्हणत. ते टप्प्याटप्प्याने छाटले गेले आणि १९१३च्या सुमारास शेवटच्या मोठ्या कापणीत न्यायालयासमोरचा रस्ता सुमारे पंधरा फूट खाली गेला. पुढच्या रस्तारुंदीत समोरच्या पायऱ्याही गेल्या आणि दारे तळघराच्या पातळीपर्यंत उतरवली गेली. रस्ता कधीतरी खाली जाणार याची कल्पना वास्तुरचनाकाराला होती, म्हणून त्याने जमिनीत गाडले जाणारे थरसुद्धा नीट घडवलेल्या दगडात बांधून ठेवले होते. त्यामुळे बाहेरून पाहताना कुठे ठिगळ दिसत नाही. ठिगळ आत शिरल्यावर जाणवते.

हा वास्तुरचनाकार म्हणजे हेन्री हॉब्सन रिचर्डसन. जन्म १८३८चा, लुइझियानातला. शिक्षण हार्वर्डमध्ये आणि नंतर पॅरिसच्या एकोल दे बोझारमध्ये. बॉस्टनच्या ट्रिनिटी चर्चने त्याचे नाव गाजवले. अर्धवर्तुळाकृती कमानी, जाड भिंती, ओबडधोबड तोंडाचे चिरे अशी मध्ययुगीन युरोपातली रोमनेस्क धाटणी त्याने अमेरिकेत अशा काही ताकदीने रुजवली की त्या शैलीला पुढे त्याचेच नाव लागले.

त्याच्या इमारतीआधी याच टेकडीवर दुसरे न्यायालय होते. जॉन चिझलेट याने ते ग्रीक धाटणीचे, खांबांच्या दर्शनी ओवरीचे आणि घुमटाचे बांधले होते. त्याचा दगड म्हणजे इथला वालुकाश्म, आणि पिट्सबर्गची हवा म्हणजे दगडी कोळशाचा धूर. काही दशकांत त्या दगडाचे पापुद्रे सुटू लागले. ७ मे १८८२ रोजी ते न्यायालय आगीत सापडले आणि काउंटीला नवी इमारत बांधणे भाग पडले. योगायोग असा की त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात रिचर्डसन युरोपात फिरत होता. फ्रान्स, इटली आणि स्पेनमधली जुनी रोमनेस्क बांधकामे वर्षानुवर्षे छायाचित्रांत पाहून झाल्यावर तो ती प्रत्यक्ष पाहत होता. काउंटीने मोजक्या वास्तुरचनाकारांकडून आराखडे मागवले, त्यांतून १८८४च्या सुरुवातीला रिचर्डसनची निवड झाली. बांधकाम त्याच्या नेहमीच्या कंत्राटदारांकडे, मॅसॅच्युसेट्समधल्या नॉरक्रॉस बंधूंकडे गेले. ग्रॅनाइटही तिकडच्याच मिलफर्डच्या खाणींतून रेल्वेने आला. घराजवळचा दगड धुराला टिकत नाही हे पिट्सबर्गकर पैसे मोजून शिकले होते.

या धुराचा विचार केल्याशिवाय ही इमारत कळतच नाही. पोलादाच्या भट्ट्या ऐन भरात असतानाच्या पिट्सबर्गमध्ये भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लावावे लागत. अशा शहरात शेकडो माणसे दिवसभर कोंडून बसणार, त्यांनी श्वास कसा घ्यायचा? रिचर्डसनने उत्तर मनोऱ्यात शोधले. ग्रँट स्ट्रीटवरचा तो उंच मनोरा शहराला दिमाख दाखवण्यासाठी तर आहेच, पण त्याचे खरे काम हवा आत घेण्याचे होते. धुराच्या थराच्या वर पोचलेल्या त्याच्या माथ्यातून त्यातल्या त्यात स्वच्छ हवा खाली ओढायची, ती इमारतभर खेळवायची आणि वापरलेली हवा मागच्या बाजूच्या दोन बुटक्या मनोऱ्यांतून बाहेर सोडायची, अशी ती योजना होती. पुढचा मनोरा श्वास घेणारा आणि मागचे दोन श्वास सोडणारे. प्रवासी पुस्तिकांत या मनोऱ्याच्या सौंदर्याचे गोडवे असतात. मला स्वतःला तो थोडा जास्तच उंच वाटतो, खालच्या इमारतीशी त्याचे प्रमाण जुळत नाही. परंतु त्याच्या उंचीचे कारण कळल्यापासून मी त्याबद्दल तक्रार करणे सोडले आहे.

इमारतीचे खरे तोंड रस्त्याकडे नाहीच, ते आतल्या चौकाकडे आहे. सुमारे १४५ फूट लांब आणि ७० फूट रुंद असा हा चौक आहे आणि त्याच्याभोवती चारही बाजूंनी इमारत बांधलेली आहे. बाहेरच्या भिंती जरब बसवणाऱ्या आहेत, चिरे मुद्दाम खडबडीत ठेवलेले आहेत, उतरत्या छपरांखाली सगळे कसे आवळून धरल्यासारखे वाटते. चौकात मात्र हाच ग्रॅनाइट मऊ होतो. एकावर एक कमानींच्या रांगा, त्यांत भरपूर खिडक्या, वर जाताना लहान होत गेलेल्या कमानी, आणि अलंकरण जवळजवळ नाही. ज्या भिंतींकडे रस्त्यावरचे कुणी पाहणार नव्हते त्या भिंतींवर रिचर्डसनने सर्वांत जास्त विचार खर्च केला आहे. चौकामुळे इमारतीचे अंग बारीक राहिले, आणि विजेचे दिवे नवलाचे होते त्या काळात खोल्यांना आणि वाटांना आतल्या बाजूनेही उजेड मिळाला. आपल्याकडच्या जुन्या वाड्याच्या दर्शनी भिंतीला जेमतेम एखादी खिडकी असते आणि घराचा सगळा जीव आतल्या चौकात असतो, तसेच हे.

माझे वडील महाराष्ट्रातल्या एका जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. ते इथे आमच्याकडे राहायला आले असताना मी त्यांना ही इमारत दाखवायला नेले. मनोऱ्याकडे त्यांनी एकदाच पाहिले आणि मान डोलावली. चौकात आल्यावर मात्र ते बराच वेळ बाकावर बसून राहिले आणि मग म्हणाले, “इथं पक्षकाराला बसायला जागा आहे गं.” त्यांचे सगळे आयुष्य पक्षकारांना बसायला जागा नसलेल्या आवारात गेले होते. तारखेला आलेली खेड्यातली माणसे झाडाच्या पारावर, टायपिस्टांच्या टेबलांमधल्या फटीत किंवा जिन्याच्या पायरीवर टेकायची. पुकारा झाला की बेलीफ आधी त्यांना उठवायचा आणि मग साहेबांची वाट मोकळी करायचा. न्यायालयात येणाऱ्या माणसांपैकी बहुतेकांचे काम वाट पाहणे हेच असते. न्यायाधीशांना दालन असते, वकिलांना बाररूम असते, आरोपीला कोठडी तरी असते. वाट पाहणाऱ्याला कुठे ठेवायचे याचा विचार न्यायालय बांधणाऱ्यांनी क्वचितच केलेला असतो. वडिलांच्या त्या एका वाक्यानंतर मी ही इमारत वाट पाहणाऱ्याच्या जागेवरून पाहू लागले आणि तिच्याबद्दलची माझी मतेही तेव्हापासून त्याच बाजूने झुकलेली आहेत.

हा चौक मधल्या काळात गाड्या उभ्या करायला वापरला जात होता, हे सांगितले तर आज कुणाचा विश्वास बसत नाही. १९७०च्या दशकात गाड्या बाहेर काढून तिथे झाडे, बाके आणि कारंजे आले. १९७६ साली न्यायालय आणि त्याच्या मागचा तुरुंग मिळून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरले. दुपारच्या सुट्टीत इथे डबा खाणारे कारकून, सिगारेट विझवून परत आत जाणारे वकील आणि हातातली नोटीस पुन्हा पुन्हा वाचणारी माणसे एकाच कारंज्याभोवती बसलेली असतात.

आतला मोठा जिना हे या इमारतीचे दुसरे वैभव आहे. आज आपण तळघरातून वर येतो त्यामुळे तो समोर उलगडत नाही, आडवाटेने भेटतो. कमानीवर कमान चढत जाते. खांब आखूड आणि जाड, कमानी मात्र रुंद पसरलेल्या, आणि या कमानींचे आरपार दिसणारे पदर जिन्याच्या प्रत्येक वळणावर नवे कोन घेतात. इथे शिल्पे फारशी नाहीत. नुसत्या दगडी वक्रांमधून उजेड कसा खेळवावा हे समजलेल्या माणसाचे ते काम आहे. पहिल्या मजल्यावर व्हिन्सेंट नेस्बर्टने रंगवलेली भित्तिचित्रे आहेत, त्यांत ग्रँटच्या टेकडीवरच्या लढाईचेही एक आहे. चित्रकार म्हणून तो मला फार थोर वाटत नाही, पण टेकडी नाहीशी झालेल्या जागी टेकडीचे चित्र असणे मला योग्य वाटते. न्यायदालनांची मूळ सजावट बऱ्याच ठिकाणी नंतरच्या फेरबदलांत झाकली गेली होती. शताब्दीच्या वर्षी, १९८८ साली, ३२१ क्रमांकाचे दालन मूळ रूपात आणले गेले, त्यामुळे रिचर्डसनच्या मनातली खोली कशी होती हे निदान एका ठिकाणी पाहता येते.

या इमारतीत मी प्रथम आले ती पर्यटक म्हणून नव्हे. अमेरिकेचे नागरिकत्व घेतले की यथावकाश ज्यूरीचे बोलावणे येते, तसे ते मला आले. दिवसाला ९ डॉलर भत्ता, एका मोठ्या खोलीत शेकडाभर अनोळखी माणसे, आणि नाव पुकारले जाईपर्यंत नुसते बसून राहणे. माझी निवड झाली नाही. परंतु मराठी माणसाला ज्यूरी म्हटले की दोनच गोष्टी आठवतात आणि त्या खोलीत बसल्या बसल्या मलाही त्याच आठवल्या. एक नानावटी खटला, ज्यात १९५९ साली ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले आणि नंतर मुंबई उच्च न्यायालयाने ते फिरवून त्याला दोषी ठरवले. दुसरा त्याच्याही पन्नास वर्षे आधीचा, लोकमान्य टिळकांचा. १९०८च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या दालनात नऊ जणांच्या ज्यूरीने सात विरुद्ध दोन अशा मतांनी टिळकांना दोषी ठरवले. सात युरोपीय एका बाजूला आणि दोन पारशी दुसऱ्या बाजूला. तेवढ्या बहुमतावर न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली आणि टिळक मंडालेला गेले. पिट्सबर्ग ज्या राज्यात आहे त्या पेनसिल्वेनियात फौजदारी खटल्यात बाराच्या बारा जणांचे एकमत व्हावे लागते. हा नियम त्या दिवशी मुंबईत असता तर काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. वडिलांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मग दुसरी ज्यूरी आणली असती त्यांनी.” चाळीस वर्षे न्यायालयात काढलेल्या माणसाच्या या मतावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

मुंबईचे ते उच्च न्यायालय १८७८ साली पुरे झाले, कर्नल फुलर यांच्या आराखड्याप्रमाणे, टोकदार गॉथिक धाटणीत. म्हणजे पिट्सबर्गच्या न्यायालयापेक्षा ते दहाच वर्षांनी मोठे. दोन्ही ठिकाणी न्यायाला मध्ययुगीन युरोपाचा पोशाख चढवलेला आहे, पण मुंबईत तो राज्यकर्त्यांनी आणून चढवला, तर इथे काउंटीच्या निवडून आलेल्या आयुक्तांनी करदात्यांच्या सुमारे साडेबावीस लाख डॉलरांत स्वतःसाठी शिवून घेतला. एका इमारतीत टिळकांचा निवाडा करणाऱ्या ज्यूरीवर नऊपैकी सात युरोपीय होते. दुसरीत परदेशातून येऊन नागरिक झालेल्या मला बोलावणे आले. ही तुलना इथेच सोडते, नाहीतर मुंबईच्या इमारतीवर वेगळा लेख लिहावा लागेल.

न्यायालयाच्या मागे रॉस स्ट्रीट आहे आणि त्याच्या पलीकडे रिचर्डसनचाच तुरुंग. माझ्या मते तुरुंग ही न्यायालयापेक्षा सरस इमारत आहे, आणि असे म्हणणारी मी एकटी नाही. न्यायालयात रिचर्डसनला शहराचा मान राखायचा होता. तुरुंगात त्याला कुणाला खूश करायचे नव्हते, म्हणून तिथे नुसती भिंत उरली आहे. प्रचंड चिऱ्यांची ती भिंत रस्त्याच्या कडेने सलग चालत जाते, मध्येच तिला एक कमान फुटते, आणि त्या कमानीचे दगड इतके मोठे आहेत की दार त्यांच्यापुढे किरकोळ वाटते. आत मध्यभागी अष्टकोनी दालन आणि तिथून फुटणाऱ्या कोठड्यांच्या लांब शाखा, म्हणजे मधोमध उभ्या राहिलेल्या पहारेकऱ्याला सगळीकडे नजर टाकता यावी अशी रचना. दोन्ही इमारतींना जोडणारा बंदिस्त पूल रस्त्यावरून जातो. त्याला ‘ब्रिज ऑफ साइज’, म्हणजे उसाशांचा पूल म्हणतात, कारण त्याचे मूळ व्हेनिसमधल्या त्याच नावाच्या पुलात आहे, जिथून कैद्यांना न्यायसभेतून तुरुंगात नेत असत.

या तुरुंगातून पळून जाणे अशक्य समजले जाई. १९०२ सालच्या जानेवारीत एड आणि जॅक बिडल हे दोघे भाऊ इथे फाशीची वाट पाहत होते, आणि तुरुंगाधिकाऱ्याची बायको कॅथरीन सोफेल कैद्यांना धर्मग्रंथ वाचून दाखवायला येत असे. तिचा एडवर जीव जडला. तिने करवती आणि पिस्तुले आत पोचवली, भाऊ निसटले आणि तीही त्यांच्याबरोबर गेली. बटलर गावाच्या परिसरात बर्फातून घोड्याची गाडी हाकत असताना पोलिसांनी त्यांना गाठले; दोघे भाऊ जखमांनी मेले, ती वाचली आणि स्वतः तुरुंगात गेली. रिचर्डसनच्या भिंतीत कुठेही भेग पडली नव्हती.

त्याआधी दहा वर्षे, १८९२ साली, या न्यायालयाने पिट्सबर्गच्या इतिहासातली सर्वांत कडवट प्रकरणे पाहिली. होमस्टेडच्या पोलाद कारखान्यातला संप, पिंकर्टनच्या भाडोत्री माणसांशी झालेली नदीकाठची चकमक, दोन्ही बाजूंचे मृत्यू. त्यानंतर कामगार पुढाऱ्यांवर खुनाचे आणि चक्क राजद्रोहाचे आरोप ठेवले गेले. पहिला खटला सिल्व्हेस्टर क्रिचलो या कामगारावर चालला आणि स्थानिक ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. कारखान्याचा कारभारी हेन्री क्ले फ्रिक याच्यावर गोळ्या झाडणाऱ्या अलेक्झांडर बर्कमनला मात्र याच न्यायालयात एकूण बावीस वर्षांची शिक्षा झाली. फ्रिक वाचला, आणि १९०२ साली त्याने न्यायालयाच्या अगदी समोर, त्याच्या मनोऱ्याला आव्हान देणारी बहुमजली कचेरी उभी केली. पुढे रस्ता खाली गेला तेव्हा शहराने फ्रिकचीही गय केली नाही. त्याच्या इमारतीचेही तळघर रस्त्यावर आले आणि तिथेही लोक आज एक मजला खालून शिरतात. ग्रँट स्ट्रीटवर न्याय आणि भांडवल यांच्यात निदान एवढी समता आहे.

रिचर्डसनने यातले काहीच पाहिले नाही. त्याला मूत्रपिंडाचा जुना विकार होता आणि २७ एप्रिल १८८६ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. शेवटच्या महिन्यांत त्याचे मन पिट्सबर्गमध्येच गुंतलेले होते. आजवरच्या खुज्या कामांसाठी लोक माझा एवढा मान करतात, मग पिट्सबर्ग पुरे झालेले पाहून काय म्हणतील, अशा अर्थाचे त्याचे उद्गार नोंदले गेले आहेत. तुरुंग त्याच वर्षी पुरा झाला. न्यायालय त्याच्या हाताखालच्या शेपली, रूटन आणि कूलिज यांनी त्याच्या आराखड्याबरहुकूम पूर्ण केले आणि २४ सप्टेंबर १८८८ रोजी त्याचे उद्घाटन झाले. लोक काय म्हणाले याचे उत्तर टोरांटो आणि मिनियापोलिसच्या जुन्या नगरभवनांत उभे आहे. तिथले मनोरे पाहिले की ते कुणाकडे पाहून उभारले हे विचारावे लागत नाही.

तुरुंगातले कैदी १९९५ साली मोनोंगाहेला नदीकाठच्या नव्या तुरुंगात गेले. रिकाम्या झालेल्या इमारतीचे काय करायचे यावर काउंटीने जे ठरवले ते मला पटते. भिंती तशाच ठेवून आतल्या कोठड्यांचे पिंजरे काढले, नवे मजले घातले आणि २००० साली तिथे कौटुंबिक न्यायालय सुरू झाले. घटस्फोट, मुलांचा ताबा, पोटगी यांसाठी येणारी कुटुंबे आता अष्टकोनी दालनाखालून जातात. कोठड्यांचा एक छोटा भाग संग्रहालय म्हणून राखला आहे, आणि तो राखला हे बरे झाले. त्या कोठडीची रुंदी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बाहेरच्या त्या देखण्या भिंतीचा अर्थ पुरता कळत नाही. कौटुंबिक न्यायालयासाठी तुरुंगाची इमारत निवडणे क्रूर आहे, असे माझी एक मैत्रीण म्हणते, आणि तिला स्वतःच्या प्रकरणासाठी तिथे जावे लागलेले असल्यामुळे तिच्याशी मी वाद घालत नाही. मला एवढेच दिसते की उंच छताखाली उजेडात बसून वाट पाहण्याची सोय तिथे नव्या सरकारी इमारतींपेक्षा चांगली आहे.

समोरचा मूळ प्रवेश पुन्हा उभारावा, भव्य जिना परत बांधावा, असे अधूनमधून कुणीतरी म्हणते. मला ते नको वाटते. रस्ता खाली गेला हाही या इमारतीच्या इतिहासाचाच भाग आहे, आणि आता बांधलेला जिना कितीही हुबेहूब केला तरी देखावाच ठरेल. इमारत पाहायला येणाऱ्याने कामकाजाच्या दिवशी यावे, ग्रँट स्ट्रीटवरच्या दारासमोर फोटोपुरते थांबावे आणि थेट चौक गाठावा. दुपारी उजेड खालच्या कमानींपर्यंत पोचतो तेव्हा तिथे अर्धा तास काढून मग जिना चढावा, चढताना थांबून मागे पाहावे, आणि नंतर रॉस स्ट्रीटला येऊन पुलाखालून तुरुंगाच्या भिंतीच्या कडेने एक पूर्ण फेरी मारावी. वरच्या मजल्यावर खटले चालू असतील तर मागच्या बाकावर कुणालाही बसता येते. फक्त फोन बंद ठेवावा लागतो.